बावीस कार्डांची गोष्ट

नवीन लिहिणारी मंडळी घरी येतात, चहा घेतात आणि हटकून एक प्रश्न विचारतात. कथा लिहून लेखकाला फायदा काय? थेट कादंबरीलाच हात घातला तर काय बिघडलं? मी काहीतरी ठोकून देतो. हात साफ होतो, काटकसर अंगी बाणते, नको ते टाकून द्यायची सवय होते. सगळं खरंच आहे. पण हे सांगताना मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. त्यांना वाटतं म्हाताऱ्याचे गुडघे धरलेत. गुडघे ठणठणीत आहेत माझे. मला एक टर्नर आठवतो, लेथवर लोखंड कातणारा.

पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. मी भांडुपच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो आणि मुलुंडला चाळीतल्या एका खोलीत आईबरोबर राहत होतो. वय सव्वीस. अंगात कादंबरी शिरलेली. तीन वर्षांत चार जाड वह्या भरल्या होत्या आणि माझा नायक अजून कोकणातून मुंबईला निघालेल्या बोटीवरच होता. समुद्राची वर्णनं चालली होती. डेकवरच्या उतारूंच्या वंशावळी चालल्या होत्या. बोट काही धक्क्याला लागत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ती लावायचीही नव्हती, कारण मुंबईत उतरल्यावर त्यानं करायचं काय हे मला ठाऊक नव्हतं. तोवर मी स्वतःला कादंबरीकार म्हणवून घेत होतो आणि त्यात मोठं सुख होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग एका मासिकाच्या संपादकांना मी पहिली वही पाठवली. महिन्यानं ती परत आली, सोबत दोन ओळींचं पत्र: कादंबरी पुरी झाली की कळवा, तोवर एखादी दहा पानांची कथा असेल तर दिवाळी अंकासाठी पाठवा. मला असा राग आला म्हणता! दहा पानांत माझी बोट बंदरातून सुटतसुद्धा नव्हती. दोन दिवस मी आईवर उगाच खेकसलो. तिसऱ्या दिवशी कथा लिहायला बसलो.

बसलो म्हणजे कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत. सुट्टी अर्ध्या तासाची. पहिल्या दहा मिनिटांत डबा, उरलेल्या वीस मिनिटांत लिखाण. कागद म्हणून माझ्याकडे जॉबकार्डं होती. लेथवर काम लागलं की मी एक कार्ड काढायचो. त्यावर कामाचा नंबर, मापं, कामगाराचा नंबर, सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. आकार पोस्टकार्डाएवढा, एका बाजूला छापील रकाने, मागची बाजू कोरी. काम झालेली कार्डं गठ्ठ्यानं माझ्या खोलीत पडून असत. त्यांच्या पाठीवर मी लिहायला लागलो.

त्या कार्डांनी मला जे शिकवलं ते चार वह्यांनी शिकवलं नव्हतं. वहीत एक पान चुकलं तर त्याच्यामागून चाळीस चुकतात. कार्ड चुकलं की फाडावं, नवीन घ्यावं. कार्डं टेबलावर पसरायची, पाचवं उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवायचं, वाचायचं, नववं काढून टाकायचं आणि काही अडत नाही असं दिसलं तर ते परत घ्यायचंच नाही. पहिल्या प्रयत्नात साठ कार्डं झाली होती. दीड महिन्यात ती बावीसवर आली. आणि एकेक कार्ड कमी होताना मला जे वाटत होतं ते कादंबरी लिहिताना कधीच वाटलं नव्हतं. भीती वाटत होती. कारण जसजशी कार्डं कमी झाली तसतसा त्यातला माणूस स्पष्ट दिसायला लागला, आणि तो माणूस कारखान्यातलाच होता.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. मालवणकडचा, पन्नाशी ओलांडलेला, अंगानं वाळका, कारखान्यातला सर्वांत जुना टर्नर. त्याचे डोळे गेले होते. अगदी आंधळा नव्हता. माणसं दिसत, यंत्र दिसे, दारातून कोण आलं ते कळे. पण कार्डावरचे, ड्रॉइंगवरचे, मोजपट्टीवरचे आकडे त्याला दिसत नव्हते. चष्मा दोनदा बदलून झाला होता. फोरमनला कळलं असतं तर त्याच दिवशी लेथवरून काढलं असतं, आणि लेथशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. गावी बायको, दोन मुलींची लग्नं व्हायची होती.

हे फक्त मला ठाऊक होतं. एका सकाळी त्यानं माझ्या खिडकीतून हात आत घालून कार्ड घेतलं आणि हळूच म्हणाला, "झिला, ह्येच्यावर काय लिवलला आसा ता जरा वाचून दाखव मां." मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं परत विचारलं. आठवड्यानं मला समजलं आणि मी समजल्याचं दाखवलं नाही. त्यानंतर मी त्याच्या कार्डावर मापं निळ्या पेन्सिलीनं बोटभर उंचीची लिहू लागलो आणि वर तोंडानंही सांगू लागलो. बाकीचं तो हातानं करायचा. लेथचं हँडल किती फिरलं ते मनात मोजायचा, मापाचं गेज जॉबवर, म्हणजे कातलेल्या तुकड्यावर, बसतं की नाही ते अंगठ्याला कळायचं. त्याचं काम कधी परत आलं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि त्याच्यावर गोष्ट लिहावी असंही वाटायचं. या दोन गोष्टींत काही वाकडं असेल असं तेव्हा मनात आलं नाही.

घोळ झाला तो असा. त्या आठवड्यात, मी लिहिलेली सोडून, जुनी कार्डं सगळी रद्दीत गेली. माझ्या गोष्टीवर शेवटचा हात फिरवायचा होता, मला दम धरवेना. मी कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्याला हात घातला आणि सगळी गोष्ट त्यांच्या पाठींवर बारीक अक्षरात उतरवून काढली. शनिवारी सकाळी सातव्या कार्डावर एक वाक्य सुधारत होतो, तेवढ्यात भोंगा झाला, खिडकीशी माणसं आली, मी कार्ड घाईघाईनं उलटं ठेवलं. ते कोऱ्या गठ्ठ्यावरच पडलं. मिस्त्री आला. मी वरचं कार्ड उचललं, निळ्या पेन्सिलीनं मापं लिहिली, तोंडानं सांगितली आणि त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या कुणीही ते उलटून पाहिलं असतं. मागची बाजू अक्षरांनी भरून गेली होती, तरण्याताठ्या माणसाच्या नजरेतून ती सुटली नसती. मिस्त्रीनं ते लेथच्या खिळ्याला अडकवलं, दोन तास काम केलं आणि जॉबबरोबर फोरमनच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

शनिवारी अर्धा दिवस. सुटायच्या आधी फोरमननं मला बोलावलं. फोरमन कुर्ल्याकडचा, आवाजानं मोठा, माणूस सरळ, पण कामात हयगय दिसली की भडकायचा. त्याच्या हातात कार्ड होतं.

"हे काय आहे रे?"

मी पाहिलं. सातवं कार्ड. त्यावर होतं: त्याला आकडे दिसत नाहीत हे एकाच माणसाला ठाऊक होतं. रोज सकाळी त्या माणसानं आकडे हळूच सांगायचे आणि यानं आपल्याला ते ठाऊकच होते अशी मान हलवायची. मग पुढचं सगळं बोटांनी बघायचं.

नशीब एवढंच, की लेथ हा शब्द त्या कार्डावर नव्हता.

"गोष्ट आहे साहेब. मी लिहितो कधी कधी."

"कंपनीच्या कार्डांवर? किती नासलीस?"

"बावीस."

त्यानं कार्ड उलटलं. पुढच्या बाजूला माझे निळे आकडे, बोटभर उंचीचे. "हे एवढे मोठे कशाला काढलेत?"

"माझं अक्षरच तसं आहे."

त्यानं परत मागची बाजू बघितली, मुंगीच्या पावलांसारखी ती अक्षरं. मग माझ्याकडे बघितलं. "कुणाचे डोळे गेलेत रे?"

"कुणाचेच नाहीत. कल्पना आहे साहेब."

"बरं," तो म्हणाला. "गोष्ट असेल तर हिच्या पुढेमागे काहीतरी असेलच की नाही? सोमवारी सगळी कार्डं घेऊन ये. बावीसच्या बावीस. वाचतो मी." आणि सातवं कार्ड त्यानं शर्टाच्या खिशात घातलं.

मी आग्रा रोडनं मुलुंडपर्यंत चालत गेलो. गाडीत बसून राहणं शक्यच नव्हतं. उरलेल्या एकवीस कार्डांत लेथ होता, भोंगा होता, मालवणी बोली होती, गेज अंगठ्यानं चाचपणं होतं. ती नेऊन दिली तर मिस्त्रीची वाट लागली. नाही दिली तर फोरमन सरळ मिस्त्रीपुढे ड्रॉइंग धरणार आणि म्हणणार, वाच. मिस्त्रीला सांगावं असं दहादा मनात आलं. पण सांगायचं काय? तुमचं गुपित मी शाईनं लिहून काढलं आणि तुमच्याच हातानं साहेबाला पोचवलं? माझी हिंमत झाली नाही. हे मी आज कबूल करतो, तेव्हा स्वतःशीसुद्धा केलं नव्हतं. तेव्हा म्हणत होतो की त्याला उगाच घोर नको.

रविवारी सकाळी अंघोळ करताना सुचलं. सातवं कार्ड बदलता येणार नव्हतं, पण बाकीची एकवीस येणार होती. सातव्या कार्डाभोवती दुसरीच गोष्ट रचायची. ज्याला आकडे दिसत नाहीत असा दुसरा माणूस हवा. आमच्या चाळीखाली एक शिंपी बसायचा. मी तसाच ओल्या केसांनी खाली गेलो आणि त्याच्या दुकानात ठाण मांडलं. तो टेप गळ्यात कसा टाकतो, मापं कुठल्या क्रमानं घेतो, खडूची रेघ ओढल्यावर तिच्यावरून अंगठा कसा फिरवतो, सगळं बघत बसलो. तासाभरानं तो वैतागून म्हणाला, "काही शिवायचंय का तुला? नाही ना? मग घरी आई वाट बघत असेल, जा."

वर येऊन लिहायला बसलो. शनिवारी येताना, काही सुचलं तर हाताशी असावीत म्हणून, कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा डब्याच्या पिशवीतून आणला होता. माझा शिंपी म्हातारा झाला होता. टेपवरचे आकडे त्याला दिसेनासे झाले होते आणि ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. रोज सकाळी गिऱ्हाइकांची मापं ती त्याला हळूच सांगायची. बरोबर सातव्या जागी ते कार्ड येऊन बसत होतं; त्यावर 'माणूस' होतं, पण बायकोही माणूसच की. मी दर कार्डागणिक उठत होतो, गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो, परत बसत होतो. आई दोनदा म्हणाली, जेव. मी जेवलो का ते मला आठवत नाही. तीन वर्षं एका बोटीत अडकून पडलेला मी, पाठीत काठी बसल्यासारखा धावत होतो. कुठलंही वर्णन लांबलं की ते खोडताना हात अडखळत नव्हता. दीड महिना त्या साठ कार्डांशी झटापट केली नसती तर त्या रविवारी मला एक पानही जमलं नसतं. कथा लिहिण्याचा फायदा म्हणाल तर तो मला त्या दिवशी पुरेपूर मिळाला.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला एकविसावं कार्ड संपलं आणि शिंपी अजून संकटातच होता. गिऱ्हाईक संशय घेत होतं, बायको घाबरली होती. मी फोरमनला बावीस सांगून बसलो होतो. तेविसावं नेलं असतं तर त्यानं तेवढ्यावरून मला पकडलं असतं. एकच कार्ड उरलं होतं आणि त्यात त्याची सुटका मावेना, त्याची फजिती मावेना, डॉक्टर मावेना. शेवटी मी असं लिहिलं: दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर शिंप्यानं गळ्यातला टेप काढला, चार गिऱ्हाइकांच्या देखत बायकोच्या गळ्यात घातला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आता हीच बेतेल, तो म्हणाला, माझे डोळे गेलेत.

आठ ओळी. कार्ड भरलं.

सोमवारी फोरमननं दार लावून घेतलं आणि खिशातलं कार्ड सातव्या जागी घालून पहिल्यापासून वाचलं. मी उभा होतो, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. वाचून झाल्यावर त्यानं कार्डं टेबलावर आपटून सारखी केली आणि माझ्या हातात दिली. "शिंपी होय," तो म्हणाला. "मला वाटलं होतं... जाऊ दे. शेवट झकास केलास हं. पुढच्या वेळी कागद विकत आण."

मी बाहेर नळावर गेलो. मग तोंड धुऊन मिस्त्रीकडे बघितलं. तो लेथवर वाकून काम करत होता. वाचवला मी त्याला, मला वाटलं. इतका आनंद मला पुढे पुस्तक छापून आल्यावरही झाला नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री डबा घेऊन माझ्या खोलीत आला. "फोरमन सांगी होतो, तू शिंप्याची गोष्ट लिवलस म्हणान. भारी झाली म्हणता. वाच मां, माका आयकव."

आम्ही शेडच्या मागे शिरीषाच्या झाडाखाली बसलो. मी वाचायला लागलो. तो मान खाली घालून ऐकत होता, चपाती हातात तशीच. सातव्या कार्डाला त्याची मान वर आली. मी थांबलो. "वाच," तो म्हणाला. मी पुढे वाचत गेलो. बाविसावं संपलं.

त्यानं हातातली चपाती डब्यात ठेवली. मग म्हणाला, "शिंपी नाय तो."

तेव्हा मी सगळं सांगितलं. कार्ड, फोरमन, रविवार, सगळं. तो रागावेल, शिव्या घालेल, या तयारीत मी होतो. तो म्हणाला, "माका आधी इचारूक होया होतास रे." एवढंच. आणि डबा बंद करून उठला.

पुढच्या सोमवारी भोंगा झाल्यावर तो माझ्या खिडकीशी आलाच नाही. तो सरळ फोरमनकडे गेला. शेडमधली चार माणसं ऐकत असताना त्यानं सांगितलं की माझे डोळे गेलेत, लेथ दुसऱ्याला द्या, मला हत्यारांच्या खोलीत बसवा, तिथलं एकूणएक हत्यार मी हातानं ओळखतो. फोरमन गोंधळला. त्यानं वर विचारलं. वरून उत्तर आलं की हत्यारांच्या खोलीत माणूस आहे, आणखी नको. पंधरा दिवसांत मिस्त्रीची नोकरी संपली.

मी त्याच्याकडे धावत गेलो होतो. का सांगितलंत? काही गरज होती का? फोरमनचा संशय मी मिटवला होता! तो म्हणाला, "तुझ्या शिंप्याक जमला, तर माका कित्याक जमूचा नाय?" आणि हसला. मला हसू आलं नाही. मी त्याला सांगू शकलो असतो की माझ्या शिंप्याला दुकान होतं, स्वतःचं. त्याला घालवून द्यायला वर कुणी नव्हतं. ही साधी गोष्ट लिहिताना माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि ऐकताना त्याच्या ध्यानात आली नसावी.

किंवा आली असेल. मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. जॉब धरणाऱ्या फिरत्या चकाशी, अंगठ्यानं गेज चाचपत, त्यानं आणखी किती वर्षं काढली असती? एक दिवस हात गेला असता का? मी त्याची दहा बोटं राखली की त्याच्या मुलींची लग्नं लांबवली? कधी मला पहिलं वाटतं, कधी दुसरं, एकाच दिवसात दोन्ही वाटतात. चार वह्यांच्या कादंबरीनं कुणाचं काही केलं नव्हतं, भलंही नाही आणि वाईटही नाही, कारण तिला शेवट नव्हता. कथेला शेवट असतो. ती संपते आणि ऐकणारा तो शेवट उचलून घरी घेऊन जातो. हा तिचा गुण आहे, असं मी नव्या लेखकांना सांगतो. त्यातली धास्ती सांगत नाही.

ती गोष्ट मी मासिकाला पाठवली. छापून आली. लोकांनी पत्रं लिहिली, सगळ्यांनी शेवटाची तारीफ केली. अंक हातात पडला तेव्हा मिस्त्री गावी गेलेला होता.

तो जायला निघाला त्या दिवशी मी त्याची ट्रंक उचलून भांडुप स्टेशनपर्यंत त्याच्याबरोबर गेलो होतो. गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसून त्यानं माझा हात हातात घेतला आणि जॉब चाचपावा तसा अंगठा माझ्या बोटांवरून फिरवला. मग सहज विचारलं, "झिला, तो शेवट तुका कसो सुचलो रे?"

एकच कार्ड उरलं होतं, हे मी त्याला सांगायला हवं होतं.

"फार विचार केला, मिस्त्री," मी म्हणालो. त्यानं समाधानानं मान हलवली.